पाण्यात

बोरा बाजारात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद,
म्हणून अशिलं धापा टाकतच येतात,
आणि दम लागलेल्या माणसाचा जबाब
आम्ही आधी पाणी देऊन मगच उतरवून घेतो.
सव्वीस वर्षं. मराठीचं इंग्रजी, शब्दाला सव्वा रुपया,
कोर्टात चालेल असं, शिक्क्यासकट.

मग मर्झबानशेटचा पुतण्या यंत्र घेऊन आला.
यंत्र म्हणजे काय, चिठोऱ्यावर लिहिलेला एक पासवर्ड.
पिंटो टायपिस्ट म्हणाला, फुगा आहे. असे सोळा पाहिलेत. फुटेल.
पुतण्या म्हणाला, पूर आहे, अंकल. खुर्ची वर घ्या.
मी चहात बिस्किट बुडवत होते,
दोघांचं ऐकता ऐकता ते तुटून तळाला गेलं.

पहिल्याच आठवड्यात वनमाला धोत्रे यांचं प्रतिज्ञापत्र.
वय एकोणचाळीस, राहणार अँटॉप हिल,
विरुद्ध सख्खा दीर.
कलम सातमध्ये एक वाक्य:
तो मला पाण्यात बघायचा.
यंत्रानं सरळ ठोकून दिलं इंग्रजीत
की हा इसम हिला पाण्यामध्ये पाहत असे.
काय हसलो आम्ही!
पिंटोनं कागद अख्ख्या मजल्यावर फिरवला,
नोटरीकडे, झेरॉक्सवाल्याकडे,
कुठल्या पाण्यात रे, चौपाटीच्या?
मी लाल पेनानं ओळ खोडली
आणि वर ऐटीत लिहिलं: द्वेष करीत असे.
त्या संध्याकाळी घरी जाताना अर्धा किलो कोळंबी घेतली,
वार न बघता.

दीड वर्षात दर उतरला.
आता भाषांतर करायचं नाही, नुसती नजर टाकायची.
नजरेचे शब्दाला पंचवीस पैसे.
पिंटो वसईला गेला, कायमचा.
फुगा फुटला की फोन कर, म्हणाला.

प्रकरण वरच्या कोर्टात गेलं, तेच कागद पुन्हा आले,
आणि या खेपेला यंत्राला ठेच लागली नाही:
द्वेष करीत असे.
माझाच शब्द, माझ्याच वळणाचा,
जशी माझ्या डब्यातली भाजी दुसऱ्याच्या ताटात.
कोणी शिकवलं त्याला?
मीच असेन, लाल पेनानं, जुन्या दरात.
मी बरोबरची खूण केली.

एक सही राहिली होती म्हणून बाई स्वतः आल्या.
पाणी दिलं.
वाचून दाखवायचा नियम, म्हणून वाचत गेले,
सातव्या कलमाशी म्हटलं,
म्हणजे डूख धरून होता ना तुमच्यावर?
त्या ग्लासाकडे बघत राहिल्या.
डूख कशाला धरेल?
पाण्यात म्हणजे पाण्यात, मॅडम.
पहाटे चारला नळ येतो. मोरीला दार नव्हतं,
साडी बांधायचे आडवी.
तो वर माळ्यावर झोपायचा.
झोपायचा नाही.

तीन वर्षं हा कागद फिरतोय.
वकिलानं विचारलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.
आणि तेव्हाचं ते मठ्ठ यंत्र,
ज्याला वाक्प्रचार म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं,
ते न समजता खरं बोलून गेलं होतं,
आणि ते खरं आम्ही मजलाभर हसत फिरवलं होतं.
आम्ही, ज्यांना समजतं.

ओळ खोडली. नवी लिहिली, इंग्रजीत सहा शब्द.
बिलात धरले: दीड रुपया.
पुतण्या म्हणाला, एवढ्यासाठी पुन्हा सगळी प्रिंट?
मग हसून, काय ठरलं मॅडम शेवटी, फुगा की पूर?
मी विचारलं, तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?
तो गोंधळला.
येतं म्हणजे? असतंच.